वॉरंटी संपलेली फायरवॉल बंद पडली तर: पहिल्या तासापासून काय करायचं

सोमवारी सकाळी पावणेनऊला फोन आला. "मॅडम, नेट गेलंय. आणि कपाटातल्या त्या काळ्या पेटीवरचा एकही दिवा लागत नाहीये." चाळीस माणसांचं कार्यालय, सहा वर्षं अखंड चाललेली फायरवॉल, म्हणजे इंटरनेट आणि कार्यालयाचं नेटवर्क यांच्यामध्ये बसून ये-जा गाळणारी पेटी. वॉरंटी कधीच संपलेली, आणि सर्व्हिस कंत्राटाचं नूतनीकरण 'पुढच्या वर्षी बघू' म्हणत राहून गेलेलं.

मी सोळा वर्षं लहान कार्यालयांची नेटवर्क सांभाळते. हा प्रसंग पहिल्यांदा आला तेव्हा मी दिवसभर पेटी उघडून बसले आणि अख्खं कार्यालय माझ्याकडे बघत बसलं. तेव्हापासून क्रम ठरवून टाकला आहे. आधी माणसांचं काम सुरक्षितपणे चालू करायचं, मग पेटीतलं कॉन्फिगरेशन, म्हणजे तिच्यात भरलेले नियम आणि मांडणी, बाहेर काढायचं, आणि पेटीचं काय करायचं ते सगळ्यांत शेवटी ठरवायचं. वॉरंटी संपलेल्या पेटीत खरोखर वाचवण्याजोगी वस्तू एकच असते, ती म्हणजे तिच्यातले नियम. पत्र्याचं खोकं दुसरं मिळतं. पण कोणत्या शाखेशी व्हीपीएन (इंटरनेटवरून जाणारी खाजगी, कुलूपबंद जोडणी) जोडलेलं आहे, हिशेबाच्या सर्व्हरपर्यंत कोणाला जाऊ द्यायचं, कुठला प्रिंटर कुठल्या पत्त्यावर आहे, हे वर्षानुवर्षं एकेक करत ठरलेलं असतं, आणि बहुतेक ठिकाणी ते त्या पेटीखेरीज कुठेही लिहिलेलं नसतं.

आधी दोन गोष्टी करू नका

इंटरनेटची केबल फायरवॉलमधून काढून थेट स्विचमध्ये (आतल्या यंत्रांना एकमेकांशी जोडणाऱ्या पेटीत) खोचू नका. मी पोचायच्या आत कोणीतरी हे करून ठेवलेलं असतं, म्हणून फोनवर पहिलं वाक्य मी हेच बोलते. मोडेम ब्रिज मोडमध्ये, म्हणजे काहीही न गाळता जोडणी नुसती पुढे देत, असेल तर आतलं एखादं यंत्र थेट सार्वजनिक पत्ता घेऊन उघड्यावर येतं. आतल्या नेटवर्कवर बिनधास्त चालू ठेवलेल्या सेवा, म्हणजे फाइल शेअरिंगचा ४४५ आणि रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ हे पोर्ट (सेवांचे क्रमांकित दरवाजे), मग जगाला दिसू लागतात. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हे खंडणी मागणारं सॉफ्टवेअर पसरलं ते ४४५ पोर्टवरूनच, आणि असे उघडे पोर्ट शोधणारी यंत्रं आजही रात्रंदिवस फिरत असतात.

याच्याच जवळची एक गोष्ट. काही फायरवॉलमध्ये हार्डवेअर बायपास असतो. वीज गेली की आतला रिले केबल खोचायचे दोन पोर्ट आपसांत जोडून टाकतो, म्हणजे वाहतूक थांबू नये. पेटी मेली आहे आणि तरी इंटरनेट चालू आहे असं दिसलं, तर समजून जा की सगळं न गाळता आत येतंय. आधी केबल काढा.

दुसरी गोष्ट: पेटी अर्धवट जिवंत असेल तर ती रीस्टार्ट करू नका. लॉगिन पान उघडत नाही, लॉग लिहिले जात नाहीत, बदल सेव्ह होत नाहीत, पण नेट चालतंय अशी अवस्था असेल, तर आतली फ्लॅश मेमरी किंवा एसएसडी झिजून गेलेली असण्याची शक्यता मोठी. प्रणाली रॅममधून चालत राहते आणि आपल्याला वाटतं बरं चाललंय. एकदा वीज तोडली की पुन्हा वाचायला खाली काही उरलेलं नसतं. अशा वेळी आधी कॉन्फिगरेशन उतरवून घ्या.

काम चालू करायची तात्पुरती वाट

सगळ्यांत सोपी वाट म्हणजे इंटरनेट देणाऱ्या कंपनीचा राउटर. तो ब्रिज मोडमधून काढून राउटर मोडमध्ये टाका, म्हणजे तो नॅट करेल (सगळ्यांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवेल) आणि बाहेरून आत येणारं काही आपोआप स्वीकारणार नाही. त्यात यूपीएनपी (आतल्या यंत्रांना स्वतःहून पोर्ट उघडू देणारी सोय) बंद करा, बाहेरून व्यवस्थापन बंद करा, पासवर्ड बदला, आणि एकही पोर्ट आत उघडू नका. लोकांना मेल आणि ब्राउझर मिळाले की दडपण निम्मं उतरतं. व्हीपीएन आणि बाहेरून येणाऱ्या सेवा थांबतील, ते स्पष्ट सांगून टाका.

थोडा वेळ हाताशी असेल तर मी दुसरी वाट घेते: दोन नेटवर्क कार्डं असलेला एखादा जुना डेस्कटॉप, ४ जीबी रॅम, आणि त्यावर ओपीएनसेन्स किंवा पीएफसेन्स. ही दोन्ही फायरवॉलची सॉफ्टवेअर फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालतात आणि फुकट मिळतात. कार्डं इंटेलची असतील तर चांगलं, रिअलटेकच्या काही कार्डांनी मला फ्रीबीएसडीवर त्रास दिला आहे. यूएसबीवरून बसवायला अर्धा तास लागतो. हा तात्पुरता डेस्कटॉप एका ठिकाणी आठ महिने चालला आणि एकदाही कुरकुरला नाही.

कोणतीही वाट घ्या, आतल्या बाजूचा पत्ता मेलेल्या फायरवॉलचाच ठेवा. जुनी पेटी १९२.१६८.१०.१ वर होती तर नवीही तिथेच. नाहीतर हाताने पत्ता टाकलेले प्रिंटर, कॅमेरे, हजेरीची यंत्रं गेटवे, म्हणजे बाहेर जायचं दार, शोधत बसतील. आणखी एक बारकी गोष्ट मी ठेच लागून शिकले. डीएचसीपी, म्हणजे यंत्रांना पत्ते वाटणारी सेवा, जुन्या पेटीत चालत असेल, तर तिने कोणाला कोणते पत्ते वाटले होते ते नव्याला माहीत नसतं. नव्याने तेच पत्ते वाटायला घेतले की दोन यंत्रांत एकच पत्ता येतो, आणि 'कधी चालतं कधी नाही' अशा तक्रारी सुरू होतात. नव्याला पत्त्यांचा वेगळा पट्टा द्या, उदाहरणार्थ जुना १०० ते १५० होता तर नवा १६० ते २२०.

नवी पेटी लावूनही बाहेर जाता येत नसेल तर मॅक पत्त्याकडे (उपकरणाला कारखान्यातून मिळालेल्या क्रमांकाकडे) बघा. अनेक मोडेम पहिल्यांदा दिसलेल्या उपकरणाचा मॅक पत्ता धरून ठेवतात. मोडेम दोन-चार मिनिटं पूर्ण बंद ठेवून चालू करा. त्यानेही भागलं नाही तर जुन्या पेटीच्या मागच्या स्टिकरवरचा मॅक पत्ता नव्या पेटीच्या बाहेरच्या पोर्टवर टाका. स्थिर पत्ता असेल तर कंपनीकडच्या राउटरच्या एआरपी तक्त्यात (कोणता पत्ता कोणत्या मॅकचा याच्या यादीत) जुनी नोंद राहिलेली असू शकते. काही राउटर ती चार तास जपतात. तेव्हा फोन करून ती नोंद पुसायला सांगा.

पेटी खरंच मेली आहे का

आता पेटीकडे वळा. सगळ्यांत आधी अडॅप्टर. लहान फायरवॉल बहुधा १२ व्होल्टच्या बाहेरच्या अडॅप्टरवर चालतात, आणि माझ्याकडे 'मेल्या' म्हणून आलेल्या पेट्यांत दोष अडॅप्टरचाच निघाल्याची उदाहरणं कितीतरी आहेत. पण मल्टिमीटर लावून १२.१ व्होल्ट दिसले म्हणून अडॅप्टर निर्दोष समजू नका. मी एकदा असं समजून दोन तास बोर्ड तपासत बसले होते. रिकामा अडॅप्टर बरोबर आकडा दाखवतो आणि भार पडला की कोसळतो. मी आता १२ व्होल्ट, २१ वॉटचा गाडीचा बल्ब जवळ ठेवते. तो साधारण पावणेदोन अँपिअर ओढतो. अडॅप्टर तेवढ्या करंटसाठी असेल आणि बल्ब जोडल्यावर व्होल्टेज ९-१० वर घसरलं, तर गुन्हेगार सापडला. बदली अडॅप्टर घेताना व्होल्टेज तेवढंच, अँपिअर तेवढेच किंवा जास्त, आणि प्लगचा आकार व धन-ऋण टोकं तीच हवीत. प्लग आत शिरला म्हणजे जुळला असं नाही. ५.५ मिलिमीटरच्या प्लगमध्ये आतलं भोक २.१ आणि २.५ अशा दोन मापांचं येतं, आणि चुकीच्या मापाचा प्लग सैल बसून पेटी मधूनमधून रीस्टार्ट होत राहते.

रॅकमध्ये बसणाऱ्या मोठ्या पेट्यांत पॉवर सप्लाय आत असतो. तिथे थांबून विचार करा. २३० व्होल्टच्या विजेवर आतल्या मोठ्या कॅपॅसिटरमध्ये सुमारे ३२५ व्होल्ट डीसी साठतात आणि प्लग काढल्यावरही काही वेळ टिकून राहू शकतात. विजेच्या कामाची सवय नसेल तर सप्लाय उघडू नका, अख्खा सप्लाय बदला. बोर्डावरचे कॅपॅसिटर मात्र नुसत्या डोळ्यांनी तपासता येतात. डोकं फुगलेलं किंवा बुडाशी तपकिरी ओघळ दिसला तर ते गेले. इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरचं आयुष्य तापमान १० अंश सेल्सिअसने वाढलं की साधारण निम्मं होतं, म्हणूनच बंद कपाटात कोंडलेल्या पेट्या आधी जातात. पंखा बोटाने फिरवून बघा. तो अडकला असेल तर पेटी सुरू होते, तापते आणि पाच-दहा मिनिटांत गप्प होते.

एक दोष मात्र घरी तपासून सापडत नाही, तो माहीत असलेला बरा. २०१३ मध्ये आलेल्या इंटेलच्या ॲटम सी२००० मालिकेतल्या चिपमध्ये एक घड्याळी संकेत काळानुसार खालावतो आणि थांबतो. तो थांबला की यंत्र बूट होत नाही. २०१७ च्या सुरुवातीला हे जाहीर झालं. नेटवर्क उपकरणं बनवणाऱ्या सिस्कोने तेव्हा अशाच घटकाबद्दल सांगितलं होतं की साधारण १८ महिन्यांच्या वापरानंतर बिघाडांचं प्रमाण वाढू शकतं. त्यांच्या बाधित उपकरणांत एएसए ५५०६-एक्ससारख्या फायरवॉलही होत्या. लक्षण ठरलेलं: पेटी वर्षानुवर्षं व्यवस्थित चालते, वीज एकदा जाते, आणि मग दिवे लागले तरी पुढे काहीच होत नाही. त्या काळातली पेटी असेल तर आतली चिप कोणती ते शोधा आणि वॉरंटी संपलेली असली तरी सिरीयल क्रमांकासह उत्पादकाला लिहा. निर्मितीतला दोष मान्य झाला की काही उत्पादक अशा उपकरणांची वॉरंटी वाढवून देतात. विचारल्याशिवाय मात्र कोणी देत नाही.

कन्सोल काय सांगतो

वीज ठीक असेल तर कन्सोल केबल (पेटीशी थेट अक्षरांत बोलायची केबल) लावा. ही निळी चपटी केबल आणि यूएसबी-सिरीयल जोडणी माझ्या पिशवीत कायम असते. विंडोजवर पुटी किंवा लिनक्सवर स्क्रीन या प्रोग्रॅममध्ये वेग ९६०० ठेवून बघा. अक्षरांचा कचरा दिसला तर ११५२०० करा. सिस्को आणि फोर्टिगेट ९६०० वर बोलतात, पीएफसेन्स ११५२०० वर.

पडद्यावर काहीच उमटत नसेल तर दोष वीज, बोर्ड किंवा चिपचा. बूटलोडर (पेटी सुरू करणारा छोटा प्रोग्रॅम) उमटतो आणि 'इमेज सापडत नाही' म्हणून थांबतो, तर बोर्ड चांगला आहे, साठवण गेली आहे. तेव्हा बूटलोडरमधूनच टीएफटीपीने (नेटवर्कवरून फाइल पाठवायच्या साध्या पद्धतीने) फर्मवेअर, म्हणजे पेटीचं मूळ सॉफ्टवेअर, पुन्हा चढवता येतं, फक्त फर्मवेअरची फाइल हाताशी हवी. वॉरंटी संपल्यावर अनेक उत्पादकांकडून ती उतरवून घेता येत नाही, म्हणून कंत्राट चालू असतानाच ती जपून ठेवायची असते. फाइल-प्रणालीच्या चुका दिसल्या तर लगेच दुरुस्तीची आज्ञा चालवू नका, आधी वाचता येईल तेवढं वाचून घ्या. आणि बूट होता होता मध्येच पुन्हा पहिल्यापासून सुरू होत असेल, तर परत अडॅप्टरकडे जा.

सगळं चालू आहे, फक्त व्हीपीएन लागत नाही आणि प्रमाणपत्रं अवैध म्हणतंय, असंही होतं. तारीख बघा. बोर्डावरची सीआर२०३२ बॅटरी संपली की काही पेट्या वीज गेल्यावर जुन्या सालात परततात, आणि त्या सालात तुमचं प्रमाणपत्र अजून जन्मलेलंच नसतं. बॅटरी बदला, वेळ लावा, झालं.

कॉन्फिगरेशन कुठे कुठे सापडतं

पेटी एकदा जरी बूट झाली तरी लगेच सगळं कॉन्फिगरेशन कन्सोलवर छापून घ्या आणि पुटीत लॉग फाइलमध्ये साठवा. एएसएवर आधी 'टर्मिनल पेजर ०' द्या. तिथे नेहमीच्या 'शो रनिंग-कॉन्फिग'मध्ये व्हीपीएनच्या सामायिक किल्ल्या तारांकित दिसतात, त्या जागी नुसते तारे घेऊन घरी गेलात तर उपयोग नाही. 'मोअर सिस्टिम:रनिंग-कॉन्फिग' ही आज्ञा त्या उघड्या दाखवते. साहजिकच ती फाइल नंतर तिजोरीतल्या कागदासारखी सांभाळायची.

पेटी बूट होत नाही पण आत काढता येण्याजोगी एसएसडी किंवा कार्ड आहे, तर ते यूएसबी रीडरमध्ये घालून वाचा. पीएफसेन्समध्ये सगळं एकाच कॉन्फिग.एक्सएमएल फाइलमध्ये असतं, आणि शेजारच्या बॅकअप फोल्डरमध्ये आधीच्या आवृत्त्याही असतात. फाइल-प्रणाली फ्रीबीएसडीची असल्याने विंडोजला ती दिसणार नाही, फ्रीबीएसडीच्या लाइव्ह यूएसबीने उघडा.

आणि काहीच हाती लागलं नाही तर? त्या सोमवारी तसंच झालं. बोर्ड गेलेला, मेमरी बोर्डालाच झाळलेली, बॅकअप शेवटचा चार वर्षांपूर्वीचा. तेव्हा कॉन्फिगरेशन इतरांच्या आठवणीतून गोळा करावं लागतं, आणि इथे इतर म्हणजे मुख्यतः यंत्रं. अजून बंद न केलेल्या एखाद्या संगणकावर 'आयपीकॉन्फिग/ऑल' चालवलं की गेटवे, डीएनएस, पत्त्यांचा पट्टा कळतो. स्विचमध्ये व्हीलॅनचे (एकाच स्विचवर वेगळ्या ठेवलेल्या नेटवर्कांचे) क्रमांक आणि ती सगळी फायरवॉलकडे नेणारा ट्रंक पोर्ट असतो. व्हीपीएनच्या दुसऱ्या टोकाला असलेली फायरवॉल म्हणजे तुमच्या कॉन्फिगरेशनचा आरसा: तुमचा सार्वजनिक पत्ता, एन्क्रिप्शनचे प्रकार, दोन्हीकडचे नेटवर्कचे पट्टे सगळं तिथे उलट्या बाजूने लिहिलेलं असतं. इंटरनेट कंपनीचं जोडणीच्या वेळचं पत्र शोधा, त्यात स्थिर पत्ता, मास्क, गेटवे किंवा पीपीपीओईचं (लॉगिन करून होणाऱ्या जोडणीचं) नाव असतं. जुन्या मेलमध्ये 'पोर्ट उघडून द्या' असं शोधा. मला एकट्या त्या शोधात अकरा नियम सापडले.

चार वर्षांपूर्वीचा बॅकअपही फेकून देऊ नका, पण तो जसाच्या तसा चढवूही नका. सोडून गेलेल्या माणसांची व्हीपीएन खाती आणि बंद झालेल्या सर्व्हरचे उघडे पोर्ट त्यात परत जिवंत होतात. मी तो शेजारी उघडून ठेवते आणि नियम एकेक करून हाताने लिहिते. ज्याचं कारण कोणी सांगू शकत नाही तो नियम लिहीत नाही. कोणाचं काही अडलं तर ते स्वतः येऊन सांगतात.

दुरुस्ती, तसलीच जुनी पेटी, की नवी

पेटी दुरुस्त होणं आणि ती पुन्हा इंटरनेटसमोर उभी करण्यालायक असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि माझं बहुतेक वेळा वाद घालणं याच मुद्द्यावर होतं. उत्पादकाच्या संकेतस्थळावर मॉडेलची 'सपोर्टची शेवटची तारीख' बघा. ती उलटून गेली असेल तर पुढे सापडणाऱ्या सुरक्षाछिद्रांना ठिगळ मिळणार नाही. सिस्को एएसए ५५०५ चा सपोर्ट ३१ ऑगस्ट २०२२ ला संपला. ती पेटी दणकट होती, आजही एखादी सुरू होईल, पण मी ती सीमेवर लावणार नाही. अडॅप्टर किंवा पंखा बदलून पेटी उठत असेल आणि सपोर्ट अजून काही वर्षं असेल, तर खुशाल दुरुस्त करा. फ्लॅश किंवा बोर्ड गेला असेल तर दुरुस्ती फक्त कॉन्फिगरेशन काढण्यापुरती.

त्याच मॉडेलची वापरलेली पेटी घेण्याचा मोह होतो, कारण बॅकअप सरळ चढतो. सपोर्ट चालू असेल तर हरकत नाही, पण पैसे देण्याआधी सिरीयल क्रमांक मागून घ्या. परवाने बहुधा सिरीयल क्रमांकाला बांधलेले असतात, आणि पेटी आधीच्या मालकाच्या खात्यात नोंदलेली असेल तर तुमच्या नावावर होत नाही. व्हायरस तपासणी किंवा वेब फिल्टरसारख्या वर्गणीवर चालणाऱ्या सुविधा मग बंदच राहतात. सपोर्ट संपलेल्या मॉडेलची जुनी पेटी मी फक्त सुट्या भागांसाठी घेते.

नवी पेटी जागेवर बसली की घरी जायच्या आधी तीन गोष्टी करते. मोबाइलच्या नेटवरून, म्हणजे बाहेरून, आपल्या सार्वजनिक पत्त्यावर एनमॅप हा उघडे पोर्ट शोधणारा प्रोग्रॅम चालवून कोणते पोर्ट दिसतात ते बघते. लोक कामावर असतानाच, त्यांना सांगून, पेटीचा प्लग ओढते आणि ती कोणी हात न लावता पूर्ववत येते का, व्हीपीएनसकट, ते बघते. आणि कॉन्फिगरेशनचा बॅकअप घेऊन तो पेटीबाहेर दोन ठिकाणी ठेवते, सोबत फर्मवेअरची फाइल आणि इंटरनेट जोडणीचे तपशील कागदावर. व्हीपीएनच्या किल्ल्या व प्रशासकाचे पासवर्ड नवे, कारण जुनी पेटी आता कोणाच्या हाती जाईल ते सांगता येत नाही.

ती जुनी पेटी भंगारात देण्याआधी आतली एसएसडी किंवा कार्ड काढून फोडा. मेमरी बोर्डावरच असेल आणि पेटी बूट होत नसेल तर ड्रिलने ती चिपच भोसका. ईसेट या सुरक्षा कंपनीने वापरलेले १८ राउटर विकत घेऊन तपासले आणि निष्कर्ष २०२३ मध्ये जाहीर केले, तेव्हा त्यांतल्या नऊमध्ये आधीच्या मालकांचं कॉन्फिगरेशन तसंच निघालं. त्या सोमवारची पेटी मी अजून दिलेली नाही. तिचा पंखा आणि अडॅप्टर चांगले होते, ते काढून डब्यात ठेवलेत, मॉडेल क्रमांक आणि 'भार लावून तपासलं' अशी तारखेची चिठ्ठी चिकटवून.